बर्फाच्या भरवशावर

महाराष्ट्रातल्या शाळांचे वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांना बर्फाशी काही देणेघेणे नव्हते. मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. मधे नाताळचे चार दिवस मिळाले तर मिळाले. जानेवारीत स्नेहसंमेलने, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. शिवाय हिवाळा हाच आपल्याकडचा सुखाचा काळ. हुरडा, सवाई गंधर्व, संक्रांत, लग्नांची आमंत्रणे हे सगळे सोडून, पैसे खर्चून, शून्याच्या खाली जाऊन कुडकुडावे असे वाटायला घरात एखादा तरी हट्टी माणूस लागतो. आमच्या घरी तो हट्ट धाकट्या मुलीचा होता. तिच्या परीक्षा मागे पडल्या होत्या, नोकरी लागली होती, आणि तिला स्कीइंग शिकायचे होते. बर्फ बघायचा नव्हता. तो आम्ही सगळ्यांनी पूर्वी एकदा मे महिन्यात, भाड्याचे कोट चढवून, रांगेत उभे राहून पाहिला होता.

बघायला जाणे आणि शिकायला जाणे यांत बेत आखण्याच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे तेव्हापासून कळत गेले. या लेखाचा विषयही तोच.

जागा कोणती, यावर घरात फार वाद झाला नाही. हिमाचलातल्या सोलंगला उतार आहे, पण तो तसा लहान. उत्तराखंडातल्या औलीचे उतार नवशिक्यांना मानवणारे आहेत आणि समोर नंदादेवी दिसते. मात्र जानेवारी २०२३मध्ये जोशीमठातल्या घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला, तेव्हापासून त्या बाजूचा बेत मनाला पटत नव्हता. उरले गुलमर्ग. श्रीनगरहून साधारण पन्नास किलोमीटर, पीर पंजालच्या कुशीतले एक बशीसारखे खोलगट कुरण, उंची सुमारे २,६५० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे गुलमर्गच्या बाजारात चहा पिणारा माणूस कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर बसलेला असतो. तिथली केबल कार, म्हणजे गोंडोला, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवतच्या खांद्यावर नेते. तो खांदा ३,९०० मीटरच्याही वर आहे.

सोळाव्या शतकात युसुफ शाह चक या सुलतानाने या जागेला आजचे नाव दिले, असे सांगतात. इंग्रजांनी तिथे उन्हाळी मुक्काम केला, गोल्फचे मैदान केले, १९०२मध्ये चर्च बांधले, आणि १९२७मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया काढला. फाळणीनंतर आणि काश्मीरच्या पहिल्या युद्धात बर्फावर चालता येणे ही चैन उरली नाही. १९४८च्या डिसेंबरमध्ये लष्कराने तिथे स्की स्कूल सुरू केले. तेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले. सियाचीनसारख्या सीमेवर जाणारे जवान या शाळेत तयार होतात. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्थाही गावातच आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८चा, दुसरा २००५चा. हे सगळे एवढ्यासाठी सांगितले की गुलमर्गला स्कीइंग हा हॉटेलवाल्यांनी अलीकडे काढलेला धंदा नव्हे. तिथे शिकवणारी माणसे पिढ्यानपिढ्या शिकवत आली आहेत.

मग आला तारखांचा प्रश्न, आणि इथे आपली सगळी हुशारी थिटी पडते. विमान आणि हॉटेल आरक्षित करता येते, हल्ली गोंडोलाची तिकिटेही ऑनलाइन, आधी काढून ठेवावी लागतात. बर्फ आरक्षित करता येत नाही. काश्मिरी माणसाने हिवाळ्याचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ले कलान, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ले खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ले बच्चा. कडाका पहिल्या चाळीस दिवसांतला. पण थंडी म्हणजे हिमवर्षाव नव्हे. हिमवर्षाव येतो तो भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेला सरकणाऱ्या पश्चिमी चक्रावातांबरोबर. त्यांतली ओल पीर पंजालला अडते आणि गुलमर्गवर उतरते. हे चक्रावात हिवाळाभर एकामागून एक येतात, काही भरलेले, काही कोरडे. कोणता कधी येईल हे आठवडाभर आधी बऱ्यापैकी सांगता येते, दोन महिने आधी नाही. विमानाची तिकिटे मात्र दोन महिने आधीच परवडतात.

नाताळची सुट्टी गाठण्याचा मोह आम्हालाही होता. तेव्हा गाव दिव्यांनी सजलेले असते, फोटो छान येतात. पण उताराच्या गवतावर आणि दगडांवर घसरण्याजोगा थर बसायला दोन-तीन मोठे हिमवर्षाव लागतात, आणि ते डिसेंबरअखेर होतीलच असे नाही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. ‘त्यातल्या त्यात’ हे शब्द जपून वाचावेत, कारण जानेवारी २०२४मध्ये, ऐन चिल्ले कलानमध्ये, गुलमर्गचे उतार तपकिरी आणि उघडे पडले होते. बर्फ आला तो महिना संपता संपता. पुढच्या वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला भाग बर्फ नाही म्हणून पुढे ढकलला गेला आणि मार्चमध्ये झाला. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. सरकारी यंत्रणेला जे साधले नाही ते आपल्या कुटुंबाच्या सहलीला साधेल, असे कुणी धरून चालू नये.

याला उपाय एकच: दिवस जास्त ठेवणे. आणि आपल्या सहलीच्या कल्पनेत नेमके हेच बसत नाही. काश्मीर म्हणजे श्रीनगर, सोनमर्ग, गुलमर्ग, पहलगाम, एक रात्र हाउसबोट, एक संध्याकाळ शिकारा. हा साचा इतका पक्का आहे की गुलमर्गला बहुतेक मराठी कुटुंबे श्रीनगरहून सकाळी येतात आणि अंधाराच्या आत परत जातात. माझे मेहुणे सहलींच्या बाबतीत आमच्या घराचे अधिकृत सल्लागार आहेत. त्यांनी आमचा कागद पाहून विचारले, “अहो, इतके दिवस एकाच गावात करणार काय?” प्रश्न रास्त होता. मुलीने उत्तर दिले, “मामा, पडणार.”

साच्यातल्या सहलीत प्रत्येक दिवसाला एक ठिकाण असते आणि मोकळा दिवस म्हणजे वाया गेलेले पैसे. स्कीच्या सुट्टीत मोकळा दिवस हा खर्चातच धरावा लागतो, कारण वाऱ्याने गोंडोला बंद पडते, रात्रभर बर्फ पडला की तंगमर्गपासूनचा वरचा तेरा किलोमीटरचा रस्ता साफ होईपर्यंत कुणी येत-जात नाही, आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच मांड्या उठायला नकार देतात. तेव्हा गुलमर्गमध्येच सलग मुक्काम, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी खाली श्रीनगरला उतरून थांबणे, एवढाच बेत आम्ही आखला. पहलगाम आणि सोनमर्ग कागदावरून काढले, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांना जरा हळहळ वाटली.

पहलगामचा विषय निघाला की खोलीत शांतता पसरते, ती वेगळ्या कारणाने. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात जे २६ जण मारले गेले त्यांत महाराष्ट्रातले सहा होते; डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. त्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती. आमच्या ओळखीच्या कुणीतरी स्पष्टच विचारले की इतके होऊन तिथे जायचेच कशाला. याला मला वादात जिंकणारे उत्तर सुचत नाही. जाणारा मूर्ख आणि न जाणारा भित्रा असे काही नसते. ज्याने त्याने घरच्यांशी बोलून, त्या वेळच्या सरकारी सूचना वाचून ठरवावे. आम्ही जायचे ठरवले. आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवाजवळ सुपारी ठेवली आणि त्यावर कुणी काही बोलले नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. ६ जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाली आहे. ती चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते. पुण्याहून जम्मूपर्यंत झेलम एक्स्प्रेस आहेच. हाताशी वेळ असेल तर तोच रस्ता घ्यावा. हिवाळ्यात धुक्याने आणि बर्फाने श्रीनगरची विमाने रद्द होतात, तेव्हा दुसरा मार्ग माहीत असलेला बरा. तंगमर्गला आपली गाडी सोडून, चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीत बसावे लागते. बर्फ असताना हा नियमच आहे आणि त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

कपड्यांविषयी मात्र लिहायला हवे, कारण मराठी माणसाची थंडीची तयारी स्वेटर, माकडटोपी आणि आत सुती बनियन इथे संपते. स्कीइंगमध्ये घाम येतो, चांगलाच येतो. सुती बनियन तो पिऊन बसते आणि लिफ्टच्या रांगेत उभे राहिले की अंगावर गार पोतेरे ठेवल्यासारखे होते. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मधे उबेचा, वर वारा आणि पाणी अडवणारा, असे तीन थर पुरतात. मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन-दोन मोजे घालणाऱ्याचे पाय बुटात आवळले जातात, रक्त खेळत नाही आणि तेच आधी गारठतात. बूट भाड्याने मिळतात. ते लोखंडी वाटावेत इतके कडक असतात. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर किंचित सुटला पाहिजे. दुकानदार घाईत असेल तरी ही परीक्षा घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. आपले वजन त्याला खरे सांगावे. पडल्यावर स्की बुटातून किती जोरात सुटायची, हे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवर वजन पाहूनच लावतात आणि इथे लाजेखातर वजन दहा किलोंनी कमी सांगणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. गॉगल, उन्हाचे मलम, हेल्मेट. एवढे झाले की सामान संपले.

शिकणे सुरू होते ते गोल्फच्या त्याच जुन्या मैदानावर. इंग्रजांच्या हिरवळीवर हिवाळ्यात नवशिक्यांचा उतार तयार होतो, छोटी ओढलिफ्ट असते, आणि आपल्या नातवंडांच्या वयाची तंगमर्गची मुले आपल्या बाजूने हात खिशात घालून निघून जातात. त्यांच्या शाळांना हिवाळ्याची मोठी सुट्टी असते, डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आपल्या मे महिन्यात जशी मुले विहिरीत पोहायला शिकत, तशी ती बर्फात शिकतात. आमचे प्रशिक्षक तंगमर्गकडचेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पहिल्या तासात स्की पायाला लावूच दिली नाही. नुसत्या बुटांनी चढ चढायला लावले. मग एकाच पायात स्की. मग दोन्ही, पण सपाटीवर. उताराला आडवे उभे राहणे, कडेकडेने पायरी टाकत वर चढणे, पडल्यावर दोन्ही स्की उताराकडच्या बाजूला आणून मगच उठणे. या सगळ्यात सकाळ गेली. शेजारी एक गट अर्ध्या तासाच्या ‘पॅकेज’वर आला, दोन जणांनी धरून त्यांना थोडे घसरवले, फोटो काढले, ते गेलेसुद्धा.

मग ब्रेक. पुढची टोके जवळ, मागची लांब, गुडघे आत. सगळे जग याला नांगर म्हणते आणि मुलांना शिकवताना पिझ्झाचा तुकडा म्हणते. ऐकायला सोपे आहे. अडचण शरीराची आहे. उतार दिसला की माणूस मागे रेलतो. लहानपणापासून प्रत्येक घाटात, प्रत्येक जिन्यावर त्याने तेच केलेले असते. स्कीवर मागे रेलले की पुढचा भाग हलका होतो, वळत नाही, थांबत नाही, आणि वेग दुप्पट होतो. ताबा हवा असेल तर दरीकडे झुकावे लागते, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून. प्रशिक्षक दिवसभर एकच वाक्य म्हणत, “जनाब, आगे. डर पीछे खींचता है, आप आगे.” हे डोक्याला पाच मिनिटांत कळते. गुडघ्यांना कळायला दिवस लागतात, आणि म्हणूनच एका दिवसाच्या फेरीत स्कीइंग शिकता येत नाही. माझ्या वयाच्या माणसाला तर ते दिवसही पुरे पडत नाहीत. मुलगी लवकरच पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीच्या उतारांवर जाऊ लागली. मी गोल्फच्या मैदानावरच राहिलो आणि मला त्याचे काही वाईट वाटले नाही.

दुसऱ्या टप्प्याविषयी सावध सांगायला हवे. वरून हवा स्वच्छ असेल तर ८,१२६ मीटरचा नंगा पर्वत दिसतो आणि ते दृश्य तिकिटाचे पैसे वसूल करणारे आहे. पण अफरवतचे उतार युरोपातल्यासारखे यंत्राने बसवलेले, दोऱ्या लावलेले नाहीत. तो मोकळा डोंगर आहे. कोरडा, भुसभुशीत, खोल बर्फ तिथे मिळतो आणि त्यासाठीच जगभरातले पट्टीचे लोक येतात. त्याच उतारांवर हिमस्खलनेही होतात. फेब्रुवारी २०१०मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या शाळेचे १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ला दोन पोलिश आणि २०२४च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू गेला. वर उतरणाऱ्याकडे संदेश देणारे यंत्र, काठी आणि फावडे हवे, ते वापरता यायला हवे, आणि बरोबर स्थानिक वाटाड्या हवा. नवशिक्याने वर जावे, नंगा पर्वत बघावा, चहा प्यावा आणि त्याच डब्यातून खाली यावे.

मुक्कामातला एक दिवस पूर्ण बंद गेला. वारा होता, बर्फ पडत होता, गोंडोला बंद, वीज येऊन-जाऊन. हॉटेलच्या दिवाणखान्यात बुखारी, म्हणजे शेगडी, पेटलेली आणि तिच्याभोवती सगळे पाहुणे. श्रीनगरहून एका दिवसासाठी येणारे त्या दिवशी तंगमर्गहूनच परत गेले असणार. सकाळी मटणाचा हरिसा, दुपारी मीठ घातलेली गुलाबी नून चाय. ती आमच्यापैकी कुणालाही आवडली नाही, आणि सगळ्यांनी संपवली. प्रशिक्षक येऊन बसले होते. त्यांच्या फेरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी होती. बोलणे बर्फावरच आले. ते म्हणाले की पूर्वी नोव्हेंबरात पडलेला बर्फ वसंतापर्यंत हलत नसे, आता पडतो तो उशिरा पडतो आणि लवकर जातो. पर्यटकाची एक सुट्टी कोरडी गेली तर तो चिडतो, पैसे परत मागतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. स्लेज ओढणारा, साखळ्यांची गाडी चालवणारा, बूट भाड्याने देणारा आणि शिकवणारा यांची सगळी मिळकत त्या आठ-दहा आठवड्यांतली. २०२४चा कोरडा जानेवारी आपल्यासाठी बातमी होती, त्यांच्यासाठी तो वर्षाचा हिशेब होता. आपण बर्फाच्या भरवशावर एक सहल लावतो, त्यांनी घर लावलेले असते.

याच तंगमर्गच्या भागातला आरिफ खान २०२२मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला गेला. त्या स्पर्धेत भारताचा तो एकटा खेळाडू होता. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान होते, तिथून सुरुवात. जायंट स्लालोममध्ये तो ४५वा आला. बीजिंगचे ते उतार जवळजवळ पूर्णपणे यंत्राने केलेल्या बर्फाचे होते. नैसर्गिक बर्फात वाढलेला मुलगा कारखान्यातल्या बर्फावर उतरला, याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही. यंत्राच्या बर्फालाही गोठवणारी थंडी, पाणी आणि वीज लागतेच. ज्या गावात वीज येऊन-जाऊन असते तिथे तो मार्ग कितपत चालेल, कोण जाणे.

मेहुण्यांनी परत आल्यावर विचारले, काय काय पाहिले. मुलीने सांगितले, “गुलमर्ग.” त्यांना ते उत्तर अपुरे वाटले आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. ज्यांना काश्मीर बघायचे आहे त्यांनी एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरात जावे, चारही ठिकाणे करावीत. त्यात काही कमीपणा नाही.

पण ज्यांना शिकायचे आहे त्यांनी जानेवारीच्या मध्यानंतरची तारीख धरावी, निदान चार रात्री गुलमर्गमध्येच राहावे आणि परतीआधी एक दिवस रिकामा ठेवावा. अर्ध्या तासाच्या पॅकेजऐवजी एका प्रशिक्षकाला पूर्ण दिवसांसाठी ठरवावे, आणि त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नये. खराब हवेने सगळे बंद असेल त्या दिवसाचेही त्याला द्यावे. हॉटेल घेताना ते कसे तापवतात हे आधी विचारावे. आणि निघण्यापूर्वी फोनचे बघावे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम कार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. बर्फ पडला एवढे घरी कळवायलासुद्धा पोस्टपेड लागते.